छोट्या हत्तीच्या केबिनमध्ये डोक्यावरचा कप्पा : प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

कंपनीला सुट्टी आणि दादाची गाडी दुपारपर्यंत दारात, असा योग जुळला. केबिनमधलं सगळं सामान काढून ओट्यावर मांडलं. आडत्यांच्या पट्ट्यांचा (म्हणजे मालविक्रीच्या हिशोबाच्या पावत्यांचा) जाडजूड गठ्ठा, बिल्टीबुक, आरसी-विमा-पीयूसीची प्लास्टिकची फाइल, दोन चार्जर (एक बंद), टॉर्च, मफलर, कानटोपी, घोंगडी, पाण्याच्या बाटल्या, जेवणाचा डबा, नारळाच्या दोरीचं बंडल, व्हीलपाना, हवा बघायचं मीटर, गोळ्यांची पाकिटं, आणि कुठल्या तरी देवस्थानाच्या अंगाऱ्याच्या पुड्या. वहिनी म्हणाली, "भाऊजी, एवढं तर माझ्या फडताळात पण मावत नाही."

गाडी म्हणजे छोटा हत्ती, टाटा एस टेम्पो, २०१५चा. धंदा पालेभाजीचा. संध्याकाळी नाशिकला पंचवटीच्या मार्केट यार्डात कोथिंबीर-मेथीचे लिलाव होतात. जुड्या मोजून गाडी भरली की रात्री निघायचं, घोटी-इगतपुरी करत कसारा उतरायचा आणि बाजार उघडायच्या आत मुंबईच्या बाजूला माल टाकायचा. म्हणजे कागद शोधायचा तो अंधारात, एका हाताने आणि बहुतेक वेळा चालत्या गाडीत.

सीटखाली जागा असती तर हा खटाटोप केलाच नसता. पण या गाडीत सीटखाली इंजिन बसलंय, तिथे काही ठेवलं की भाजून निघतं. सीटमागे पत्र्याची भिंत. डॅशबोर्डवर कागद ठेवले तर काच आणि डॅश यांच्या फटीत घसरतात, आणि टोलच्या पावत्या उन्हाने काळ्या पडतात. उरली ती वरची जागा, काचेच्या वर, जिथे आत्ता फक्त सनव्हायझर आणि एक लिंबू-मिरची आहे.

दादाची अट एकच: "हात वर केला की पट्टी हातात आली पाहिजे. मान हलायला नको."

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज नुसती मापं.

छताचा पत्रा आधी बोटाच्या पेराने ठोकून बघितला. मधोमध "ढब्ब" वाजतो, म्हणजे एकेरी पत्रा, जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. काचेच्या वरच्या कडेला आणि दोन्ही दरवाज्यांच्या वर आवाज एकदम बदलतो, "टक". तिथे पत्रा दुहेरी आहे, आत पोकळी ठेवून पेटीसारखा दुमडलेला. केबिनची ताकद या दुहेरी पट्ट्यांमध्येच असते. चुंबक आणि खडू घेऊन पट्ट्या कुठून कुठे जातात ते आखून ठेवलं.

यावरून निम्मं डिझाइन ठरलं. कप्पा छताला टांगायचा नाही. दरवाज्यांवरच्या पट्ट्यांवर दोन टोकं टेकवायची आणि पुढची कड काचेवरच्या पट्टीला धरायची. एकेरी पत्र्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारून लावलेले कप्पे बरेच दिसतात. दादाच्या ओळखीतल्या एका पिकअपला असाच लावून दिलेला आहे. पहिल्या पावसात स्क्रूच्या टोकाशी गंज धरला, आणि आता ड्रायव्हरच्या मांडीवर थेंब थेंब पाणी. एकेरी पत्र्याला आटे धरायला जाडीच नसते. धक्क्याधक्क्याने भोक मोठं होत जातं.

आतली रुंदी वरच्या बाजूला ११२ सेंमी. खाली जास्त आहे, पण खिडक्या वर निमुळत्या होत जातात.

मग दादाला सीटवर बसवलं. आधी तो फोटोला बसल्यासारखा ताठ बसला. "घाटात बसतोस तसा बस," म्हटल्यावर पुढे झुकला आणि स्टेअरिंगवर छाती आणली. ताठ बसण्यात आणि झुकण्यात डोक्याची जागा चांगली वीतभर पुढे सरकते. माप झुकलेल्या डोक्याचं घ्यायचं. त्याहून पुढचं म्हणजे, पट्टा लावलेला असतानाही जोराच्या ब्रेकला डोकं पुढे आणि खाली जातं. त्या वाटेत कप्प्याची कड येता कामा नये.

दुसरं माप नजरेचं. स्टॉपलाइनला पहिली गाडी आपली असेल तर मुंबई नाक्याचा सिग्नल काचेच्या अगदी वरच्या भागातून दिसतो. कप्प्याचा तळ काचेच्या वरच्या रबराखाली एक बोटभरही उतरायला नको.

१६ फेब्रुवारी, रविवार, रात्री

कागदावरचं काम. वर काय ठेवायचं, यापेक्षा काय ठेवायचं नाही याची यादी मोठी झाली.

एक किलोची पाण्याची बाटली घ्या. गाडी ताशी ५० किमीने चाललीय आणि एकदम थांबली, समजा कशावर तरी आदळली. बाटली त्याच वेगाने पुढे जाणार. सेकंदाला १३.९ मीटर, म्हणजे साधारण ९६ ज्यूल. तीच बाटली जवळजवळ १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून डोक्यावर पडली तर जेवढा दणका बसेल तेवढाच हा. व्हीलपाना आणि हवेचं मीटर यादीतून ताबडतोब बाद.

नियम असा केला: वर फक्त मऊ किंवा कागदी. कागदपत्रं, पट्ट्या, मफलर, टोपी, घोंगडी, औषधाची पाकिटं, पातळ चार्जर. एकूण वजन ४ किलोच्या आत. बाटल्या दरवाज्याच्या खणात. टॉर्च जड असल्यामुळे खालीच, डॅशच्या बाजूला क्लिपमध्ये. लोखंड सगळं मागे, हौद्यातल्या पेटीत. लायटर, बॉडी स्प्रे, पॉवर बँक यांनाही वर बंदी, ती उन्हामुळे.

सामान जातं कुठे, हेही बघितलं. ब्रेक लागला की वस्तू पुढे सरकतात. पुढे काचेवरची पट्टी आहे, तिथे अडतील. पण कसारा चढताना रिकामी गाडी जोर लावून वर येते तेव्हा वस्तू मागे, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या तोंडाकडे घसरतील. म्हणून मागच्या कडेला ५ सेंमीचा उभा काठ, त्यावर जाळी, आणि तळाला पुढच्या बाजूला थोडासा उतार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पुठ्ठ्याचा साचा केला. द्राक्षाचा हंगाम चालू असल्यामुळे नाशकात सध्या पुठ्ठ्याचा तोटा नाही. शेजारच्यांच्या गाडीत निर्यातीच्या पेट्यांचे वाया गेलेले पुठ्ठे पडले होते, चांगले कडक. दोन थर उलटसुलट चिकटवले, टोकांचा गोलवा भिंतीला लावून कंपासने आखला आणि कापून मास्किंग टेपने बसवला. खोली २६ सेंमी.

दादाला सांगितलं, आठवडाभर हा पुठ्ठा असाच वापर. त्यात पट्ट्या, मफलर, फाइल ठेव. नको ते मला सांग.

१ मार्च, शनिवार

दादाचा अहवाल, जसाच्या तसा: "दिव्याचा उजेड अडतोय. गिअर टाकून हात वर नेला की कोपर लागत नाही, पण टोपी घालताना बोटं आपटतात. डाव्या बाजूला काही ठेवलं तर मला पोचत नाही. पण ती बाजू क्लीनरला बरी, त्याची घोंगडी तिथं राहू दे. आणि फाइल आडवी नको, उभी पाहिजे, कणा माझ्याकडे."

पुठ्ठ्याचा एक रुपया खर्च नाही आणि एवढी माहिती मिळाली. ड्रायव्हरच्या बाजूला खोली २६ची २२ केली, क्लीनरच्या बाजूला २६च ठेवली, मधे तिरपी रेघ. केबिनच्या दिव्यासाठी मधोमध अर्धगोल खाच. फाइलसाठी उजव्या टोकाला उभा खण, बाकी मोकळं. मला खरं तर सगळीकडे सारखे खण पाडायचे होते, ड्रॉइंगवर छान दिसतात. पण घोंगडीला खण लागत नाही.

८ मार्च, शनिवार

साहित्य. तळाला ६ मिमी प्लाय. १९ मिमीचा दणकट बोर्ड वापरायचा मोह अनेकांना होतो, पण डोक्यावर वजन कशाला वाढवायचं? पातळ प्लाय आणि खाली सांगाडा हेच बरं. आधी एसीपी शीटचा (मधे प्लास्टिक, दोन्हीकडे अल्युमिनियमचा पातळ पत्रा) विचार होता, साइनबोर्डवाल्यांकडे कापतुकडे स्वस्त मिळतात. ती बाद केली, कारण कापलेल्या कडेला अल्युमिनियमचा पातळ पापुद्रा राहतो आणि तो ब्लेडसारखा लागतो.

सांगाड्याला २५ × २५ × ३ मिमीचा अल्युमिनियम अँगल. मीटरला ४०० ग्रॅमच्या आत भरतो. द्वारका चौकाजवळच्या दुकानात वजनावर मिळाला. तिथला माणूस म्हणाला, "लोखंडी घ्या, निम्म्यात पडेल." निम्म्यात पडेल, पण वजन जवळजवळ तिप्पट होईल.

हिशोब करून बघितला: ११२ सेंमीच्या अंतरावर टोकं टेकवलेला हा अँगल ४ किलो पसरलेल्या भाराने मधोमध सव्वा ते दीड मिलिमीटर वाकतो. चालेल. शिवाय पुढची कड पट्टीला धरलेली असल्याने निम्माच भार मागच्या अँगलवर येणार.

कोपरे गुण्यात धरून कापले, कानशीने कडा मारल्या, चार मिमीच्या पॉप रिव्हेटने चौकट जोडली. मागचे दोन कोपरे गोल केले. हात लागेल तिथे टोक नको.

१५ मार्च, शनिवार

आज भोकं पाडली. सगळ्यात जास्त वेळ याच कामाला दिला, आणि द्यायलाच हवा.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. केबिनच्या दिव्याची वायर काचेवरच्या पट्टीतूनच येते. अस्तराची कड सोडवून ती कुठून जाते ते डोळ्यांनी बघितलं आणि बाजूला बांधून ठेवली.

दरवाज्यावरच्या पट्टीत सीटबेल्टचा वरचा बोल्ट आहे, तयार आटे असलेला, मजबूत. "त्यालाच ब्रॅकेट अडकव ना भो," दादा म्हणाला. नाही. तो बोल्ट एकाच कामासाठी आहे. त्याखाली पट्टी सरकवली तर बोल्टाची पकड आणि बेल्टचं वळणं दोन्ही बदलतात. त्याला पाना लावायचाच नाही.

म्हणून रिव्हनट. पातळ पत्र्यात आटे बसवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. भोकात नट घालायचा, ओढायचा, आत त्याची कॉलर फुगते आणि पत्रा दोन्ही बाजूंनी धरला जातो. एम६ला, म्हणजे ६ मिमीच्या बोल्टाच्या रिव्हनटला, ९ मिमीचं भोक. आधी सेंटरपंच, मग ३, मग ६, मग ९. प्रत्येक बिटवर पाइपचा तुकडा घातला, टोक फक्त १० मिमी बाहेर राहील असा. बिट आतला पत्रा फोडून एकदम घुसतं आणि त्याच झटक्यात बाहेरच्या पत्र्याला टेंगूळ आणू शकतं. पाइप असेल तर तिथेच अडतं. पोकळीत पडणारा चुरा ओढून घ्यायला दादाने व्हॅक्यूम क्लीनरचं नळकांडं भोकाशी धरलं होतं. तो चुरा आत राहिला तर पहिला गंज तिथेच.

भोकाच्या उघड्या कडेला पातळ ब्रशने झिंक प्रायमर लावला, वाळू दिला, मग रिव्हनट. आमच्या टूलरूममधून ओढायचं हत्यार आणलं होतं. ते नसेल तर लांब बोल्ट, एक मोठा नट आणि ग्रीस लावलेले दोन वायसर यांच्यावरही काम होतं. बोल्ट पान्याने धरून ठेवायचा आणि नट आवळायचा. किती आवळायचं ते हाताला कळतं. आधी जड जातं, मग कॉलर बसताना जरा हलकं, आणि पुन्हा एकदम जड. तिथे थांबायचं. भंगारातल्या पत्र्यावर आधी सराव करून मगच गाडीला हात लावला.

चार रिव्हनट काचेवर, दोन-दोन दरवाज्यांवर.

कायद्याचं: १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीमध्ये नोंदलेल्या गोष्टी बदलतील असे फेरफार परवानगीशिवाय करता येत नाहीत. सीट काढणं, बॉडी कापणं या त्यातल्या गोष्टी. आपण काही कापलेलं नाही, आणि कप्पा आठ बोल्ट काढले की उतरतो. गाडीला आठ वर्षं उलटून गेलीत, त्यामुळे फिटनेस दरवर्षी. पेठ रोडच्या आरटीओला नेताना कोणाला शंका आलीच तर पाच मिनिटांत रिकामी केबिन दाखवता येईल.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

आज रात्री गाडी निघणार नव्हती, म्हणून सकाळीच रेक्झिनचं काम काढलं. प्लायवर आधी ५ मिमी फोम, त्यावर करडं रेक्झिन. डिंक उन्हाला टिकणारा रबरबेस, दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटं हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा, मगच दाबायचं. ओला असताना चिकटवला तर आत डिंकातल्या थिनरची वाफ अडकून फोड येतात. काळं रेक्झिन स्वस्त होतं, पण काळं घेतलं असतं तर केबिनचा दिवा असून नसल्यासारखा झाला असता.

पुतण्या मधेच गुलाबी हाताने "काका, झालं का?" म्हणत टेकला. तळाच्या खालच्या बाजूला, बरोबर क्लीनरच्या डोक्यावर, चार बोटं उमटली आहेत. थिनरने जाईल, पण रेक्झिनची चमकही जाईल. राहू दिलं. दुपारी तिवंधा चौकात रहाडीला (रंगपंचमीच्या रंगाच्या जुन्या हौदावर) गेलो, त्यामुळे पुढचं काही झालं नाही.

वहिनीने जाळी शिवली. आमच्या मावसभावाकडे द्राक्षबागेवरच्या गारपीट-जाळीचा उरलेला तुकडा होता. बारीक छिद्रांची, पांढरी, उन्हाला टिकणारी. कापली की कडेचे धागे सुटतात, म्हणून वहिनीने कड दुमडून नवारीची पट्टी लावली आणि वरच्या कडेत चपटं इलॅस्टिक ओवलं. तिने स्वतःहून एक बदल केला. मी एकसलग जाळी सांगितली होती, तिने ड्रायव्हरसमोर ती दुभागली आणि दोन पाळ्या एकमेकींवर चार बोटं चढवल्या. हात सरळ आत जातो, वस्तू बाहेर येत नाही. ड्रॉइंगमध्ये हे सुचलं नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

बसवला. अल्युमिनियम आणि गाडीचा पोलादी पत्रा थेट टेकले की ओलीत अल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मधे रबराच्या पट्ट्या, बोल्टाखाली नायलॉनचे वायसर, आणि आट्यांना निळं थ्रेडलॉकर. कारखान्यात लाल वापरतात ते इथे नको. ते सोडवायला गरम करावं लागतं, आणि शेजारी अस्तर आहे.

मागच्या काठावर दरवाज्याच्या रबरासारखं यू-बीडिंग चढवलं. अंगठ्याने दाबलं की दबतं.

वजनचाचणी: तांदळाच्या पिशव्या, ४ किलो, मग दुप्पट ८ किलो, रात्रभर. सकाळी दोरी ताणून मधला झोल मोजला. आठ किलोला दीड मिमीच्या आसपास, पिशव्या काढल्यावर परत शून्य. आख्खा कप्पा भरला ३ किलोच्या थोडा वर. खर्च दीड हजाराच्या आत, त्यात प्लाय आणि जाळी फुकट.

५ एप्रिल, शनिवार

खुडखुड. दादा म्हणतो विल्होळीपर्यंत काही नाही, पुढे गोंद्याच्या आसपास सुरू होते आणि घोटीपर्यंत डोकं खाते. मी सोबत गेलो. तो चालवतोय आणि मी कप्प्याचा एकेक भाग दाबून धरतोय, असा प्रवास. दोष कप्प्याचा नव्हताच. सनव्हायझरची दांडी कप्प्याच्या तळाला जेमतेम शिवत होती. ठरावीक वेगालाच ती थरथरते, म्हणून ठरावीक रस्त्यालाच आवाज. दांडीला फेल्टचा तुकडा गुंडाळला. शांत.

आता इंजिनाचा आवाज जास्त जाणवतो, अशी नवी तक्रार आली आहे. तिच्यावर माझ्याकडे इलाज नाही.

२६ एप्रिल, शनिवार

कडक ऊन. काचा बंद ठेवून गाडी दुपारी मुद्दाम उन्हात उभी केली आणि कप्प्यात थर्मामीटर ठेवला. ५४ अंश. डिंक टिकला, कुठे पापुद्रा सुटला नाही. फाइल अडकवायला लावलेला चिकटपट्टीचा वेल्क्रो मात्र घसरून खाली आला, तो वहिनीकडून शिवून घेतला. औषधाच्या पाकिटांना वरून काढून दरवाज्याच्या खणात हलवलं. इतक्या उष्णतेत गोळ्या ठेवणं बरोबर नाही. त्यांच्या जागी रुमाल आले.

१४ जून, शनिवार

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठलं, त्यामुळे गळतीची परीक्षा लवकर झाली. अस्तर सोडवून आठही रिव्हनट टॉर्चने बघितले. कोरडे, प्रायमर जसाच्या तसा. क्लीनरच्या बाजूचा एक बोल्ट पाव फेरा आवळला गेला, बाकी हलले नाहीत.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जूनला खुला झाला. दादा एकदा तिकडून जाऊन आला. म्हणतो रस्ता मस्त आहे, कप्प्यातली पट्टीसुद्धा हलत नाही, पण पालेभाजीच्या भाड्यात तो टोल रोज परवडायचा नाही. ट्रिप पुन्हा कसाऱ्यानेच.

कप्प्यात आज डोकावलो. पट्ट्या, फाइल, मफलर जागेवर. जाळीच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, व्हीलपाना होता. काढून हौद्यातल्या पेटीत टाकला आणि दादाला फोन केला. "रात्री चाक बदललं, अंधारात हाताला आला तिथं ठेवला," म्हणाला. पेटी मागे आहे आणि तिला कुलूप आहे, तेव्हा त्याचं म्हणणंही अगदीच खोटं नाही. पुढच्या शनिवारी क्लीनरच्या पायापाशी, फ्लोअरला, पान्यासाठी स्प्रिंगची क्लिप बसवतो. ९ मिमीचं बिट आणि दोन रिव्हनट शिल्लक आहेत.